एटीआरवर (पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर) रुजू होण्याआधी: कोकणातल्या नव्या वैमानिकांसाठी

आधी बेसचं, म्हणजे वैमानिकाच्या नेमणुकीच्या ठिकाणाचं बोलू, कारण गफलत तिथूनच सुरू होते. चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३मध्ये गोव्यातल्या मोपाहून उड्डाणं सुरू झाली. त्यामुळे प्रादेशिक कंपनीत नोकरी लागली की कुडाळला घरी राहून उडता येईल, असं घरच्यांना वाटतं. वैमानिकाचा बेस मात्र विमान रात्री मुक्कामाला असतं तिथे असतो. चिपीला येणारं विमान प्रवासी उतरवून, नवे घेऊन लगेच परत जातं. फ्लाय९१ या प्रादेशिक कंपनीचं मुख्यालय गोव्यात आहे, त्यामुळे बांदा-सावंतवाडीकडच्यांना मोपाची आशा धरायला हरकत नाही. पण ‘कंपनी ठरवेल तो बेस’ अशा अर्थाचं कलम नियुक्तिपत्रात बहुधा असतंच. हैदराबाद किंवा बेंगळुरूत खोली घ्यावी लागेल, असं धरूनच हिशोब मांडा.

आता कागदपत्रं. सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी, किमान २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून. ३०० सागरी मैलांची क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उड्डाण), रात्रीचे ५ तास आणि त्यात १० टेकऑफ-लँडिंग हेही त्यातच येतं. बाहेरचं न बघता उपकरणांवरून उडण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, पीआयसी क्रॉस-कंट्रीचे ५० तास आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट हवेत. लेखी परीक्षेत प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात.

वैमानिकांसाठीची क्लास १ वैद्यकीय तपासणी प्रशिक्षणाची फी भरण्याआधी करून घ्या. रंगांधळेपणा तिथे उघड होतो आणि त्याला चष्म्याचा उपाय नाही. शेताचा तुकडा विकून पहिला हप्ता भरल्यावर हे कळलं तर पैसे परत कोण देणार? प्रशिक्षणाला बारामती, धुळे, गोंदिया असं घाट चढूनच जावं लागतं. संस्था निवडताना डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) २०२५पासून सुरू केलेली क्रमवारी बघा. शिवाय उडण्याच्या स्थितीत विमानं किती आणि त्यांवर विद्यार्थी किती, हे तिथल्याच मुलांना विचारा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

लायसन्स हातात आल्यावर खरी अडचण सुरू होते. भरती वर्षभर सारखी चालत नाही, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाचं रेटिंग संपलेलं, मेडिकल संपलेलं आणि हात गंजलेला. अशात बोलावणं आलं तर कागदच पुरे होत नाहीत. म्हणून नोकरी नसतानाही दर महिन्याला सिमवर (सिम्युलेटरवर) एखाद-दोन तास आयएलएस (रेडिओ संकेतांवरून धावपट्टीवर उतरणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं) आणि एक इंजिन बंद पडल्यावरची हाताळणी घोटत राहा. कंपनीच्या निवडीत लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम आणि मुलाखत असे टप्पे असतात. सिममध्ये लँडिंग मऊ झालं की नाही याला फारसं महत्त्व नसतं. चूक झाल्यावर तुम्ही ती बोलून दाखवता का, वेग आणि उंची सावरता का आणि शेजारच्याचं ऐकता का, हे बघतात. लॉगबुकाच्या बेरजा आणि ईजीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरच्या नोंदी जुळवूनच जा. त्यात फरक निघाला की पुढे प्रत्येक तासाबद्दल प्रश्न येतो.

सही करण्याआधी बाँडचा (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा) कागद वकिलाला दाखवा. एटीआरचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) कंपनी करून देते तेव्हा बदल्यात काही वर्षांचा बाँड घेते, कधी आगाऊ तारखांचे धनादेशही मागते. विचारायचं ते असं: मुदत सहीपासून मोजणार की लाइनवर रिलीज झाल्यापासून, म्हणजे प्रशिक्षकाविना नेहमीची उड्डाणं सुरू झाल्यापासून? रक्कम दर महिन्याला घटते की शेवटपर्यंत तेवढीच राहते? रेटिंगनंतर प्रशिक्षक किंवा विमान नाही म्हणून सहा महिने बसवून ठेवलं, तर पगार किती? आणि हमीचे तास, म्हणजे उड्डाण झालं नाही तरी ज्यांचा पगार मिळतो ते तास, किती? हा शेवटचा प्रश्न पावसाळ्यासाठी. जुलैत चिपीच्या सड्यावर ढग टेकले की उड्डाणं रद्द होतात, आणि पगार उडलेल्या तासांवर असेल तर खिशाला चाट बसते.

काम कष्टाचं आहे. छोटे सेक्टर (उड्डाणाचे टप्पे) म्हणजे दिवसाला चार-चार टेकऑफ आणि तितकीच लँडिंग. नवख्याला हात बसवायला याहून चांगली शाळा नाही. एटीआर ७२ला एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं छोटं जादा इंजिन) नसतो. जमिनीवर वीज आणि थंड हवा हवी असेल तर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने रोखून धरतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. ते इंजिन बंद असेल आणि बाहेरून वीज-हवेची जोडणी नसेल, तर मे महिन्यात कॉकपिट भट्टीसारखं तापतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. हे विमान जेटपेक्षा खालून उडतं, त्यामुळे मान्सूनचे ढग ओलांडून वर जाण्याची सोय नसते. रडार नीट वाचून वळसा घालायचा, आणि त्यासाठी इंधनाचा हिशोब आधीच करून ठेवायचा.

उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते, आणि १२ तास आधीपासून दारू वर्ज्य. फेणी न पिणाराही इथे अडकू शकतो. द्राक्षासव, कुमारी आसव यांत अल्कोहोल असतं, काही माउथवॉशमध्येही असतं. आजीने खोकल्यावर दिलेली बाटली आधी कंपनीच्या डॉक्टरला दाखवा.

रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) हातात आलं की साप्ताहिक विश्रांती आधी तपासा. नव्या नियमांनुसार ती सलग ४८ तासांची आहे. वर्षाला १००० उड्डाणतासांची मर्यादाही आहे. थकवा आला असेल तर तसं लेखी कळवा; तोंडी सांगितल्याची नोंद राहत नाही.

जेटवर जायचं ठरलं तर घाईने राजीनामा टाकू नका. डीजीसीएच्या २०१७च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) ६ महिने आणि कमांडरला (मुख्य वैमानिकाला) १ वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. कमांडर होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी १५०० तास लागतात, म्हणून बरेच जण तेवढे भरेपर्यंत एटीआरवरच थांबतात. नव्या कंपनीचं पत्र लेखी हातात आल्यावरच नोटीस द्या, आणि रुजू होण्याची तारीख त्या ६ महिन्यांपुढची मागून घ्या.