विद्यापीठाचं नियोजन कुठे फसतं? कुलगुरू-कुलसचिवांच्या दालनातल्या या चुका टाळा

2017 च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. गैरप्रकार थांबावेत, निकाल लवकर लागावेत, हा हेतू रास्तच होता. पण 477 परीक्षा आणि 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच सत्रात नव्या पद्धतीवर टाकल्या गेल्या. स्कॅनिंग मागे पडलं, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनात. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षी हातात गुणपत्रिका नाही म्हणून ज्यांचे पुढचे प्रवेश अडले, त्यांचं वर्ष कुठल्याही चौकशीने परत येणार नव्हतं.

सार्वजनिक विद्यापीठ चालवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण पुन्हा पुन्हा अभ्यासावं असं मला वाटतं. बहुतेक जण त्यातून ‘तंत्रज्ञान फसलं’ एवढाच धडा घेतात. फसला होता तो हिशोब.

गुणाकार न करता निर्णय घेणं

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लावायचाच. आता 17 लाखांना 45 ने भागा. रोज जवळजवळ 38 हजार उत्तरपत्रिका. एका परीक्षकाने दिवसाला 30 तपासल्या असं धरलं, तरी रोज साडेबाराशेहून अधिक परीक्षक खुर्चीवर हवेत, एकही सुट्टी न घेता. तेही मे महिन्यात, जेव्हा महाविद्यालयांना सुट्टी असते आणि निम्मे प्राध्यापक गावी गेलेले असतात. शिवाय नियामकांची फेरतपासणी आणि गुणांचं संकलन वेगळंच.

हा गुणाकार एका पानावर मावतो. परीक्षा व मूल्यमापन मंडळापुढे कुठलीही नवी पद्धत येईल, तेव्हा विषयपत्रिकेला हे पान जोडलेलं नसेल तर विषय पुढे ढकलावा. पद्धत आणायची ती आधी एका विद्याशाखेत, तेही हिवाळी सत्रात, जेव्हा प्राध्यापक जागेवर असतात. जुनी पद्धत किमान दोन सत्रं जिवंत ठेवावी, म्हणजे नवीन कोलमडली तर दुसऱ्याच दिवशी कागदावर परतता येतं. आणि निविदा ज्या कंपनीला मिळाली तिचं काम प्रत्यक्ष परीक्षेआधी निदान काही हजार उत्तरपत्रिकांवर तपासून बघावं. परीक्षा सुरू झाल्यावर करार होत असेल, तर ते सत्र सोडून द्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

बृहत् आराखडा म्हणजे नव्या महाविद्यालयांची यादी, असं समजणं

नवी महाविद्यालयं कुठे हवीत हे ठरवणारा पाच वर्षांचा बृहत् आराखडा अधिष्ठाता मंडळाने (विद्याशाखांच्या प्रमुखांनी) तयार करायचा आणि तो अधिसभेपुढे (सिनेटपुढे) मान्यतेसाठी यायचा, अशी रचना आहे. सध्याचा आराखडा 2024-25 ते 2028-29 साठीचा. कायद्याला त्यात समन्यायी वाटप अपेक्षित आहे: आदिवासी पट्टे, डोंगरी तालुके, मुलींचं शिक्षण, स्थानिक रोजगार. प्रत्यक्षात चर्चा अडकते ती स्थळबिंदूंवर, म्हणजे नव्या महाविद्यालयांच्या जागांवर. कोणत्या गावात महाविद्यालय, कोणत्या संस्थेला इरादापत्र (प्राथमिक संमती), एवढ्यावरच बैठका संपतात.

लक्षण ओळखायला सोपं आहे. आराखड्यात मागच्या पाच वर्षांतल्या बिंदूंचं काय झालं, हे प्रकरणच नसतं. किती ठिकाणी महाविद्यालय सुरू झालं, किती वर्गांत विद्यार्थी पुरेसे आहेत, कुठल्या तालुक्यातल्या मुली एसटी नसल्याने बारावीनंतर थांबतात, हे आधी मांडा. नवी यादी त्यानंतर करा. कधी कधी तालुक्याला नवं महाविद्यालय नको असतं, सकाळची एक बस आणि मुलींचं वसतिगृह हवं असतं.

इमारत आधी, माणसं नंतर

विद्यापीठाला राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय नवी पदं निर्माण करता येत नाहीत. हे माहीत असूनही उपकेंद्राची किंवा नव्या विभागाची इमारत उभी राहते, आणि मग ती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालते. एखादा तरुण नेट-सेट होऊन, पीएचडी करून वर्षानुवर्षं तासांच्या हिशोबाने शिकवत राहतो, यात त्याचा काय दोष? संशोधनही मग खुंटतं, कारण पीएचडीचे मार्गदर्शक मुळात नियमित शिक्षकांमधूनच येतात.

बांधकामाच्या प्रस्तावाबरोबरच मंजूर आकृतिबंध (पदांची रचना), तपासून घेतलेली बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची नोंद) आणि रिक्त पदांची स्थिती व्यवस्थापन परिषदेपुढे यायला हवी. बिंदुनामावली अद्ययावत नसली तर शासनाने उद्या भरतीला परवानगी दिली तरी जाहिरात काढता येत नाही. ती अद्ययावत करून वेळेत तपासणीला पाठवणं कुलसचिवांच्या हातातलं आहे.

उत्पन्न आहे तसंच राहील, हे गृहीत धरणं

संलग्नित महाविद्यालयांकडून येणारं परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण शुल्क हा बहुतेक राज्य विद्यापीठांचा मोठा आधार. तोच सरकतो आहे. शिवाजी विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 2004 मध्ये सोलापूर वेगळं झालं, 2021 मध्ये साताऱ्यातली काही महाविद्यालयं एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झालं. नागपूरमधून 2011 मध्ये गोंडवाना वेगळं झालं. त्यात स्वायत्त महाविद्यालयं आपल्या परीक्षा स्वतः घेऊ लागली आहेत. हे बदल शिक्षणाच्या दृष्टीने चांगले असू शकतात, पण वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी पुढच्या पाच वर्षांचं उत्पन्न महाविद्यालयनिहाय मांडून पाहिलं नसेल, तर मार्चमधल्या अधिसभेत मंजूर झालेला अर्थसंकल्प दिवाळीपर्यंतच टिकतो.

तातडीचे अधिकार रोज वापरणं

2016 च्या त्याच अधिनियमाचं कलम 12(7) कुलगुरूंना आणीबाणीच्या प्रसंगी थेट कारवाईचा अधिकार देतं. मात्र कारणं लेखी नोंदवून ती संबंधित प्राधिकरणाला लवकरात लवकर कळवायची असतात. महापुरात परीक्षा पुढे ढकलायला हे कलम हवंच. खरेदीला, नेमणुकीला, समिती बदलायला ते वापरलं जाऊ लागलं की समजावं, बैठकांचं वेळापत्रक बिघडलं आहे.

त्याचंच भावंड म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. सदस्य उठायच्या घाईत असताना सर्वांत मोठा आर्थिक ठराव तिथून मंजूर होतो, आणि पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की टिपणी कोणी लिहिली हे शोधत बसावं लागतं. आर्थिक विषय ऐनवेळी घ्यायचाच नाही, असा ठराव व्यवस्थापन परिषदेनेच एकदा करून टाकावा.

प्रभारींवर वर्षं काढणं

कुलसचिव प्रभारी, परीक्षा संचालक प्रभारी, अधिष्ठाता प्रभारी. प्रभारी माणूस कितीही प्रामाणिक असो, तो तीन वर्षांनंतरच्या गोष्टीवर सही करायला कचरतो. पद रिक्त होण्याची तारीख तर कार्यकाळ सुरू होतो त्याच दिवशी ठाऊक असते. जाहिरातीची तयारी त्या तारखेआधी सहा महिने सुरू झाली पाहिजे.

तरीही तुम्ही प्रभारी म्हणून किंवा नव्याने पदभार घेत असाल, तर सत्कार स्वीकारण्याआधी चार कागद मागवा: मंजूर व रिक्त पदांचा तक्ता, मागच्या दोन सत्रांत प्रत्येक परीक्षेचा निकाल कितव्या दिवशी लागला याची यादी, प्रलंबित लेखापरीक्षण आक्षेप, आणि चालू न्यायालयीन प्रकरणं. चारपैकी जो कागद आठवडाभरात टेबलावर येणार नाही, त्याच शाखेत सगळ्यात आधी जाऊन बसा.