फक्त एक सही: नीतिसूत्रांतलं शहाणपण हाताला कसं बसवावं

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'ज्ञान' शब्द आला की डोळ्यांपुढे पुस्तकं येतात. जुन्या करारात त्यामागचा इब्री शब्द पुष्कळदा 'होखमा' असतो, म्हणजे शहाणपण आणि हातातलं कसबही. निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देवाने बसालेल नावाच्या कारागिराला होखमा दिली ती सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. ३५व्या अध्यायात बकऱ्यांच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायकांसाठीही हाच शब्द आहे. सुताराच्या हाताला रंधा बसतो, तसं शहाणपण बसावं लागतं. नुसतं वाचून ते येत नाही.

म्हणून सुरुवात एका खऱ्या प्रसंगापासून करा. "मला शहाणं व्हायचंय" एवढ्याने काही हलत नाही. आज समोर कोणता निर्णय आहे, ते एका वहीत एका ओळीत लिहा.

माझा प्रसंग जामिनकीचा होता. काही वर्षांपूर्वी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका भावाने पतसंस्थेचा फॉर्म पुढे केला. "एक जामीनदार मिळालाय, फक्त तुमची सही." मी पायरीवर उभ्याउभ्या, हातातल्या शास्त्रावर कागद ठेवून सही केली. त्याने फसवलं नाही. त्याचा धंदाच बसला. नोटीस माझ्या घरी आली आणि माझ्या बायकोला जामिनकीची गोष्ट त्या लिफाफ्यातून कळली. उरलेले हप्ते आम्ही भरले. ज्या पुस्तकावर कागद ठेवून सही केली, त्याच पुस्तकात या विषयावर काय लिहिलंय ते मी तोवर शोधलंच नव्हतं.

आता मी असं करतो.

आधी वेळ मागून घेतो. "उद्या सांगतो" म्हणायला लाज वाटू देऊ नका. त्या रात्री देवाजवळ मागा. ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने मागावं, देव दोष न लावता देतो, असं याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. शलमोन राजाने देवाकडे मागितलं ते ऐकणारं मन. प्रार्थनेत निर्णय आधीच ठरवून त्यावर देवाचा शिक्का मागू नका. परमेश्वराचं भय ही शहाणपणाची सुरुवात म्हणतात, ती इथे उपयोगी पडते.

मग त्या विषयावरची सगळी वचनं एकत्र वाचा. एकच वचन उचललं की माणूस हमखास चुकतो. जामिनकीबद्दल बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकात ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७ वाचा. फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूणही जाईल, असं त्यात आहे. सहावा अध्याय तर म्हणतो, अडकला असशील तर झोपू नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सूट. पण त्याच पुस्तकात ३:२७ सांगतं की हातात असताना गरजवंताचं भलं रोखू नकोस. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, स्वतः जामीन राहतो. आणि प्रेषित पौल फिलेमोनाला लिहितो, तुझा दास अनेसिम याचं जे देणं असेल ते माझ्या नावे मांड, मी फेडीन.

मी या दोन बाजूंवर बरेच दिवस अडलो होतो. शेवटी फरक दिसला. पौल स्वतः फेडायच्या तयारीने लिहितो. मी मात्र फेडायची वेळ येणारच नाही असं गृहीत धरून सही केली होती. तेव्हा स्वतःला विचारा: ही सगळी रक्कम उद्या मलाच भरावी लागली तर भरीन का, आणि भरल्यावरही या माणसावर प्रेम करीन का?

यानंतर दुसरी बाजू. पहिल्याने मांडलेलं खरंच वाटतं, दुसरा येऊन तपासेपर्यंत (नीतिसूत्रे १८:१७). कागद ओळ न् ओळ वाचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सल्ला अशा माणसाचा घ्या ज्याचा यात फायदा नाही. घरच्या माणसाला शेवटी नाही, सगळ्यात आधी सांगा.

रोजचा सराव सोपा आहे. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, तारखेचा अध्याय वाचा.

शेवटी निर्णय वहीत लिहा, कारणं लिहा, आणि खाली निकालासाठी जागा सोडा. काही महिन्यांनी तिथे परत या. चुकलं असेल तर तसंच लिहा, हात त्यानेच बसतो.

गेल्या वर्षी भाचा टेम्पोच्या कर्जासाठी आला. "मामा, फक्त एक सही." रात्री मी आणि बायको वही घेऊन बसलो. तीन लाखांची सही दिली नाही. वीस हजार दिले, परत मागायचे नाहीत असं ठरवून. दोन रविवार तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या रविवारी शेजारी येऊन बसला. टेम्पोचं अजून जमलेलं नाही. वहीतल्या त्या पानावर निकालाची जागा अजून कोरी आहे.