बॅगेला नुसतं रेनकव्हर चढवून भागत नाही

आपल्या गोव्यात पाऊस इंचांत मोजतात, शंभर इंच झाले की पेपरात शतकाची बातमी येते, आणि त्या पावसात फिरायला आपण बॅगेवर पातळसं कव्हर ओढतो आणि म्हणतो झालं काम. मीपण तेच करायचो. मग एका जुलैत सत्तरी तालुक्यात चरावण्याच्या धबधब्यावर जाऊन आलो, घरी बघतो तर कव्हर एकदम धडधाकट, कुठे फाटलेलं नाही, पण आतली 'सुकी' पँट पिळून काढावी लागली आणि पॉवरबँक गेली ती गेलीच.

नंतर कळलं की दोष कव्हरचा नव्हताच. कव्हर पाठीकडची बाजू झाकतच नाही. टोपीवरून मानेवर आणि मानेवरून पाठीवर येणारं पाणी खांद्याच्या पट्ट्या धरून थेट बॅगेत उतरतं, वर आपला घाम, आणि हे सगळं पाणी कव्हरच्या तळाशी जमून बॅगेचं बूड दिवसभर त्यात भिजत राहतं. त्यात चोर्ल्याच्या बाजूचा वारा असला की कव्हर फुग्यासारखं फुगतं, करवंदीच्या जाळीत अडकलं तर विचारूच नका.

म्हणून कव्हर बाहेरून आणि लायनर आतून, दोन्ही पाहिजे. पैसे एकाचेच असतील तर डोळे झाकून लायनर घ्या.

लायनर म्हणजे काही मोठी वस्तू नाही, जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी. प्लॅस्टिक विकणाऱ्या दुकानात जाऊन 400 गेज मागा, म्हणजे साधारण 100 मायक्रॉन. कचऱ्याची काळी पिशवी नको, ती डब्याचा कोपरा लागला तरी फाटते आणि आतलं काही दिसत नाही, पांढरी किंवा पारदर्शक बरी. पिशवी बॅगेपेक्षा हातभर उंच पाहिजे कारण तोंड पिळायला तेवढी जागा लागते. आणल्यावर हवा भरून तोंड धरायचं आणि बादलीत दाबायचं, बुडबुडे आले तर भोक आहे.

भरताना रिकाम्या बॅगेत आधी पिशवी घालायची, तिची कड बॅगेच्या तोंडावर बाहेर दुमडायची आणि मग सामान. खाली कपडे, वर लागेल ते. भरून झालं की गुडघ्याने दाबून हवा काढा, तोंड दोरीसारखं पिळा, तो पीळ उलटा दुमडून त्यावर जाड रबर चढवा. गाठ मारू नका, ओली गाठ थंड बोटांनी सुटत नाही, मग आपण ती ओढतो आणि पिशवी फाटते. हे सगळं घरात, पंख्याखाली करायचं. पावसात उभं राहून पिशवी भरली तर दमट हवा आणि थेंब आतच कोंडले जातात.

आता लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: ओलं सामान आत कोंबतात. रेनकोट, ओले मोजे, पाण्याची बाटली, हे सगळं लायनरच्या बाहेर. खाऊपण बाहेरच्या खिशात ठेवा, नाहीतर दर अर्ध्या तासाने चिवड्यासाठी पिशवी उघडणार. फोन आणि गाडीची चावी वेगळ्या झिपवाल्या छोट्या पिशवीत.

कव्हरच्या तळाला पाणी जायला भोक आहे का बघा. नसलं तर सगळ्यात खालच्या जागी तापवलेल्या सुईने पाडा, कापड नायलॉनचं असलं तर कडा वितळून जागच्या जागी बंद होतात आणि उसवत नाहीत. कव्हरचं इलॅस्टिक दोरीने बॅगेच्या पट्टीला बांधा म्हणजे उडालं तरी लोंबकळत राहील. ओहळ ओलांडताना मात्र कव्हर काढून ठेवा, नाहीतर प्रवाहात ते बादलीसारखं भरतं आणि बॅगेसकट तुम्हाला ओढतं, कमरेचा पट्टापण सोडून ठेवा. अर्थात पाणी गढूळ होऊन चढायला लागलं असेल तर ओलांडायचंच नाही, तिथे कुठलीही पिशवी कामाची नाही. आणि पावसाळ्यात धबधब्यांवर कधी बंदी असते, कधी वनखात्याची परवानगी लागते, ते निघण्याआधी विचारा. दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं तर बेकायदाच आहे.

रोज फोंडा ते पणजी स्कूटरवर जाणाऱ्यांनाही हेच लागू. पायाशी ठेवलेल्या बॅगेवर पाणी चाकाकडून, खालून उडतं, वरच्या कव्हरचा तिथे काय उपयोग? लॅपटॉप आधी लायनरमध्ये, मग बॅगेत. डिकीवर विसंबू नका, सीट उघडली की रेनकोटचं सगळं पाणी आत सांडतं.

घरी आल्यावर कव्हर आणि लायनर दोन्ही उलटं करून सावलीत वाळवा. आपल्याकडे जुलैत काही वाळत नाही हे मान्य, तरी रात्रभर पंख्याखाली टांगा. कव्हरच्या आतला लेप दमटपणाने चिकट होतो आणि मग खपल्या निघतात, तसं झालं की ते कव्हर गाळणीच. ओलंच गुंडाळून कपाटात टाकलंत तर चवथीला काढाल तेव्हा बुरशीचा वास आधी येईल. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, साध्या पाण्याने चिखल धुवा, ब्रशसुद्धा नको.