एकात चार की चार वेगळी? उपकरणं घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते प्रिंटरपायी. घरात छपाई महिन्यातून एखाद्या वेळी, आणि घेतला जातो शाईचा ऑल-इन-वन: प्रिंट, स्कॅन, कॉपी, वर फॅक्ससुद्धा (फॅक्स कुणाला करणार, विचारू नका). पडून राहिला की हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, शाई सुकते, पानावर पांढऱ्या रेघा येतात आणि आपण हेड क्लीनिंग मारत सुटतो. तसं करू नका. दर क्लीनिंगला शाई जाते, ती आतल्या पॅडमध्ये मुरते आणि पॅड भरलं की मशीनच अडून बसतं. आधी नोझल चेकचं (शाईची भोकं तुंबलीत का ते दाखवणारं) पान काढा, दोनदा क्लीनिंग करा. तरी रेघा गेल्या नाहीत तर रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. आठवड्याला एक रंगीत पान काढणं जमणार नसेल, तर साधा लेझर बरा. टोनर म्हणजे कोरडी पूड, सुकायचा प्रश्नच नाही. रंगीत पानाला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच. ऑल-इन-वनच हवा असेल तर दुकानात आधी विचारा, कार्ट्रिज संपल्यावर स्कॅनर चालतो का? काही मॉडेलांत चालत नाही.

वॉशर-ड्रायरवरचे 8 किलो हे धुण्याचे असतात. वाळवण्याचा आकडा त्याहून कमी. कपडे दमट निघाले की मशीनला दोष देण्याआधी निम्मे बाहेर काढा.

वेगळं उपकरण नेहमीच सरस, असंही नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्याने नोट्सच्या स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी 6 इंची ई-रीडर घेऊ नये. कादंबरीला तो उत्तम, पण ए-4 पान त्यावर वाचवत नाही. तिथे टॅबच हवा.

आता स्कूटर. हँडलला फोन, त्यावर मॅप, कॉल, चार्जिंग, सगळं एकदम. आयफोन वापरायला ॲपल 0 ते 35 अंश तापमान सांगते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो, त्यात डोक्यावर ऊन. स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं, असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिला होता. नवा जीपीएस घ्यायची गरज नाही. कपाटातला जुना फोन काढा आणि वायफायवर ऑफलाइन मॅप उतरवून घ्या. जीपीएसला सिम लागत नाही. ताम्हिणीत रेंज गेली तरी मॅप चालतो. सिमशिवाय सुरुवातीला सॅटेलाइट सापडायला वेळ लागतो, तेव्हा तो बेसमेंटमध्ये नव्हे, सोसायटीच्या गेटबाहेर येऊन चालू करा.