दुसरी कादंबरी प्रकाशकाकडे, मी पानशेतच्या पुरात

पहिली कादंबरी पाठवली तेव्हा मी निवांत झोपले होते, कारण पुढे काय असतं हे ठाऊकच नव्हतं. दुसरी पाठवली त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. ज्यांचं पहिलं पुस्तक येऊन गेलंय आणि दुसरं लिहून तयार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा काही गोष्टी आहेत.

पहिल्या पुस्तकाला टेकू असतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच असते. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. त्याला एकच प्रश्न विचारला जातो, "पहिल्याच्या किती प्रती गेल्या?" खरा आकडा सांगा. माझी आवृत्ती पाचशेची होती आणि साडेतीन वर्षांत तीनशेच्या आसपास प्रती गेल्या होत्या. मी तसंच सांगितलं. समोरच्यांनी मान डोलावली आणि हस्तलिखित ठेवून घेतलं.

मराठीत लेखकाच्या वतीने बोलणारा एजंट जवळपास नसतोच. आपणच पत्र लिहायचं, आपणच फोन करायचा. मी दीड पानाचं टिपण, पहिली तीन प्रकरणं आणि एकूण शब्दसंख्या पाठवते. पूर्ण हस्तलिखित मागितल्यावरच देते. फाइल युनिकोडमध्ये असली तरी सोबत पीडीएफ द्याच. छपाईसाठी मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीत नेताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या'चे तुकडे होतात. मूळ काय होतं हे दाखवायला पीडीएफ लागते.

एका वेळी एकाच प्रकाशकाकडे द्यायची आपल्याकडची रीत मी पाळली आणि तिच्यापायी अकरा महिने गमावले. एका ठिकाणी हस्तलिखित तेवढा काळ पडून होतं. विचारलं की "वाचन चालू आहे" हेच उत्तर. शेवटी कळलं, ते कुणी उघडलंच नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, हे लपवत नाही. आता पत्रातच लिहिते की चार महिन्यांत कळवलं नाहीत तर मी दुसरीकडे देईन. कुणाला त्याचा राग आल्याचं आजवर दिसलेलं नाही.

करार नीट वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल, तर त्यातल्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. तरी मुदत लिहून घ्या, आवृत्ती किती प्रतींची तेही लिहून घ्या, आणि ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे मांडायला सांगा.

आता खरं सांगायचं ते. हस्तलिखित गेल्यावर ती फाइल उघडायची नाही. उघडली की एखादा शब्द बदलावासा वाटतो, मग प्रकाशकाकडे एक प्रत आणि आपल्याकडे दुसरीच. न उघडण्याचा मला सापडलेला एकच उपाय म्हणजे पुढच्या पुस्तकात इतकं गुंतायचं की मागच्याची आठवणही कमी यावी.

माझी दुसरी कादंबरी इचलकरंजीतल्या यंत्रमागावरच्या एका घराची आहे. तिसरी पानशेतच्या पुराची, म्हणजे धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची. मी बँकेत नोकरी करते, म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार माझा. बांधीव फायलींतली १९६१ सालच्या जुलैची वर्तमानपत्रं वाचण्यात असे पाच-सहा शनिवार गेले. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना दोन्ही तळव्यांवर पेलावं लागतं.

वरवरचं सगळं मला आधीच माहीत होतं. १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं झालेलं नव्हतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी ते सकाळी फुटलं. पाणी खडकवासल्यात आलं, तेही धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर यांचं काम अर्धवट असतानाच निधन झालं आणि ते न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. या सगळ्याची टिपणं काढताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

एक चूक तर पंचांगाने पकडली. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आषाढ, असं धरून मी एक प्रसंग लिहिला होता. अमावस्या होती हे कळल्यावर त्यात घरातले दिवे घासून-पुसून पाटावर मांडलेलेही दाखवले, दिव्यांच्या अवसेसाठी. मला तो प्रसंग फार आवडायचा. मग त्या वर्षीचं पंचांग पाहिलं. १९६१ साली अधिक ज्येष्ठ होता. म्हणजे १२ जुलैला निज ज्येष्ठातली अमावस्या, आषाढ लागायचाच होता. दिव्यांचा प्रसंग गेला. पण तिथी मोजता मोजता लक्षात आलं की ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून पुढे गेल्या, त्याला जेमतेम तीन-चार दिवस झाले असणार. नुकतीच वारकऱ्यांना जेवू घातलेली घरं, धुऊन ठेवलेली मोठी पातेली. जुन्या काळावर लिहिणाऱ्याने त्या वर्षाचं पंचांग आधी मिळवावं. मी ते सगळ्यात शेवटी मिळवलं.

माणसांना भेटायला गेलात तर "पूर कसा होता?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी शंभरदा दिलेलं असतं आणि ते घासून गुळगुळीत झालेलं असतं. शनिवार पेठेत तेव्हा राहत असलेल्या एका आजींना मी विचारलं, "त्या दिवशी चुलीवर काय होतं?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमटी. उकळी यायची होती." पाणी दारातून आलंच नाही, आधी मोरीतून वर आलं. सगळे गच्चीवर गेले. धरण फुटलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. नदी चढतेय, एवढंच दिसत होतं. त्यांचं बोलणं पुरापेक्षा नंतरच्या दिवसांवर जास्त होतं. घरभर गुडघाभर चिखल आणि तो धुवायला पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच गेलं होतं. "पुरानं बुडवलं आणि मग तहानेनं मारलं बघ," त्या म्हणाल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण करायची परवानगी मागितली नाही, त्या भेटीत तरी नाही. घरी येऊन त्याच रात्री सगळं लिहून काढलं आणि पुढच्या भेटीत त्यांना वाचून दाखवलं. आमटीचं त्यांनी दुरुस्त केलं, वरण होतं म्हणाल्या.

त्या रात्रीनंतर मी दोन वह्या केल्या. एका वहीवर लिहिलं 'मला माहीत आहे', दुसरीवर 'तिला माहीत आहे'. ती म्हणजे माझी नायिका, त्या दिवशी गच्चीवर उभी असलेली. वाळूची पोती, आंबी नदी, आयोग, सगळं पहिल्या वहीत गेलं. अकरा पानं नुसती पोत्यांवरची! दुसऱ्या वहीत उरलं ते मोरीचं पाणी, वरण, पालखीला काढलेली पातेली, आणि चढत्या नदीचा रंग. पुराचं प्रकरण या दुसऱ्या वहीतूनच लिहायचं, हे तेव्हा ठरलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात इचलकरंजीच्या कादंबरीचं उत्तर आलं. हस्तलिखित आवडलंय, पण चाळीसेक पानं कमी व्हावीत, असं संपादकांनी लिहिलं होतं. वर्षभरापूर्वी मी भांडले असते. पाच महिन्यांनी पहिल्यांदा फाइल उघडली आणि त्यांनी खूण केलेल्या पानांवर पाहिलं तर कांडी भरण्याची, म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळण्याची, सव्वादोन पानं, वीजदराची दीड, मालक-मजूर कराराची तीन. सगळी खरी, कष्टाने मिळवलेली, आणि एकही माझ्या नायकाच्या डोक्यात नसणारी. चौदा वर्षं माग चालवणारा माणूस कांडी भरताना कांडीचा विचार करतच नाही. त्याला घरच्या गॅसची टाकी संपल्याची काळजी असते. दोन वह्यांची चाळणी मी मागे जाऊन या पुस्तकालाही लावली. त्रेचाळीस पानं गेली.

फक्त एक पथ्य पाळलं. दुरुस्तीचे ते सहा आठवडे पानशेतच्या वह्या कपाटात बंद ठेवल्या, कारण एका संध्याकाळी इचलकरंजीचा माझा नायक चक्क पुणेरी बोलायला लागला होता.

दुसऱ्या कादंबरीची प्रुफं आता टेबलावर आहेत, अर्धी तपासून झालीत. येत्या शनिवारी गोखलेनगरला जायचंय. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या तिथल्या वसाहतीत एक आजोबा राहतात, पुरानंतर ते निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या घरात, राहिले होते. पत्रा उन्हात किती तापायचा आणि पावसात त्याचा आवाज कसा यायचा, हे मला त्यांना विचारायचंय.