शेततळ्यात जंबो कोळंबी सोडताना

गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीच्या अळ्या निमखाऱ्या पाण्यातच जगतात. म्हणून मराठवाड्यात पिल्लं हॅचरीतूनच (अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातूनच) आणावी लागतात. जुलैत चौरस मीटरला 2 ते 4 सोडा. पिल्लांच्या पिशव्या 20 मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला. घाईनं ओतलीत तर पिल्लं दगावतात.

सगळ्यात महत्त्वाचा आडोसा. कात टाकल्यावर कोळंबीचं अंग मऊ पडतं आणि दुसऱ्या कोळंब्याच तिला खातात. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात लपायला जागाच नसते, तिथं कौलं, पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकाच.

पहाटे कोळंब्या काठाला गोळा झाल्या तर ऑक्सिजन कमी पडलाय. खाद्य थांबवा, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. थंडीत पाणी 20 अंशांखाली गेलं की वाढ खुंटते, तेव्हा काढणी डिसेंबरच्या आत उरका.