पान पिवळं दिसलं की युरिया? या चुका टाळा

पानाचा हिरवेपणा पेशींमधल्या हरितलवकांचा. उन्हाच्या जोरावर साखर तयार होते ती तिथेच, आणि शेंग भरते ती याच साखरेवर. पण हा रंग युरियातल्या नुसत्या नत्राने येत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्याला धरून नत्राचे चार. लोह त्या रेणूत नसतंच, तरी त्याच्याशिवाय हरितद्रव्य घडत नाही. यातलं काय कमी पडलं ते झाड स्वतःच दाखवतं. बघायचं फक्त कोणतं पान पिवळं आहे ते.

नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. नत्र कमी असेल तर अख्खं पान फिकं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तोच भाग पुढे लाल होतो; त्याला लाल्या म्हणतात. मात्र प्रत्येक लाल्या मॅग्नेशियमचा नसतो, नत्र कमी पडूनही पान लाल होतं. लोह फिरत नाही, त्यामुळे शेंड्याचं कोवळं पान पिवळं-पांढरं पडून शिरांची हिरवी जाळी तेवढी उरते.

चुनखडीच्या काळ्या वावरात झडीनंतर सोयाबीनचं हेच होतं. जमिनीत लोह असतं, पण मुळाला घेता येत नाही. इथे युरिया फेकणं म्हणजे पैसे घालून दुखणं वाढवणं: जमिनीत नायट्रेट वाढलं की लोहाची अडचण वाढते, वर हवेतलं नत्र धरणाऱ्या मुळावरच्या गाठीही कमी बसतात.

दुसरी चूक, हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मातीत टाकणं. चुनखडीत ते लगेच न विरघळणारं होऊन बसतं. फवारणीच करा. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस आणि साधारण 37 ग्रॅम चुना; चुना वेगळा भिजवून त्याची निवळीच घ्या, नाहीतर नोझल तुंबतं. हिराकस हिरवट खड्यांचं हवं. तपकिरी भुकटी झालेलं दुकानदाराला परत करा. फवारा सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

मॅग्नेशियम कमी असेल तर मॅग्नेशियम सल्फेट फवारा, 1 टक्का, म्हणजे पंपाला 150 ग्रॅम. ते किंवा हिराकस डीएपीच्या द्रावणात मिसळू नका, फॉस्फेटचा साका खाली बसतो.

पाणी साचलं असेल तर कोणतीही फवारणी नंतर. मुळांना हवा नसताना अन्न उचललं जात नाही. आधी चर काढा, वाफसा येऊ द्या. इमॅझेथापायर मारल्यावर काही दिवसांत शेंडा पिवळसर झाला तर तो बहुधा तणनाशकाचा झटका, नवी पानं हिरवी निघतात. पानावर वेडेवाकडे गडद पिवळे-हिरवे चट्टे असले तर पिवळा मोझॅक, हा विषाणूचा रोग. त्याला खत नाही. झाड उपटा, तो पसरवणारी पांढरी माशी आवरा.

तरीही खात्री नसेल तर अख्खं वावर फवारू नका. एका तासावर, म्हणजे पिकाच्या एका ओळीवर, हिराकसाची फवारणी करा आणि आठवडाभर थांबा. लोहाचीच कमतरता असेल तर जिथे थेंब पडला तिथे पानावर हिरवे ठिपके उमटतात. लोह पुढच्या पानात जात नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी नव्या पालवीवर दुसरी फवारणी लागते.